दोराच्या टोकाची गाठ

सगळं बंदर तिला सूनबाई म्हणायचं. पन्नाशी उलटली, कानामागचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सूनबाईच. लग्नानंतर ती पहिल्यांदा दोरांच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली तेव्हा कुणीतरी विचारलं, ही कोण? सासऱ्याने हातातल्या दोरावरची नजर न काढता सांगितलं, "सूनबाई." तेच चिकटलं. ट्रकवाले, जाळीवाले, बर्फाच्या कारखान्यातले हमाल, सगळ्यांची ती सूनबाई. एकदा बँकेतला साहेबही तसंच बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

शेड गोदीमागच्या रस्त्यावर होती. पत्र्याची, अरुंद आणि लांबलचक, कारण दोर ताणून बघायला लांबी लागते. आत वितळलेल्या नायलॉनचा वास कायमचा मुरलेला. एका टोकाला भिंतीत रोवलेले आकडे, मध्ये लाकडी बाक आणि दुसऱ्या टोकाला दार. दाराशी मामंजींची खुर्ची. म्हणजे तिच्या सासऱ्यांची. दोर कुणीही करो, तो या खुर्चीसमोरूनच बाहेर जायचा आणि जाताना मामंजी त्याच्या टोकाला एक गाठ मारायचे. नावेवर ओला दोर हातातून सुटत चालला तर शेवटी ती गाठ मुठीला अडते आणि दोर पाण्यात जायचा वाचतो. "गाठ नसलेला दोर म्हणजे बटण नसलेला सदरा," असं ते म्हणायचे आणि बटण तुटलेला सदरा घालूनच म्हणायचे.

मामंजी डावखुरे होते. त्यामुळे त्यांच्या गाठीचा वळसा उलटा, डावीकडून यायचा, आणि नाववाले तेवढ्यावरून दोर कुठला ते ओळखायचे. शिकवताना मात्र ते माणसाला समोर बसवायचे. समोरचा माणूस आरशात बघून शिकल्यासारखा शिकायचा आणि त्याची गाठ आपोआप उजवी व्हायची. सूनबाईही तशीच समोर बसून शिकली होती. वळसा सोडला तर तिची गाठ अगदी सासऱ्यासारखी, तितकीच करकचून आवळलेली.

पुढे समुद्रातले मासे आटले, मग नावा कमी झाल्या. शेड भरून माणसं होती ती एकेक करून गेली. राहिल्या दोन बायका, एक चष्मेवाली आणि एक बडबडी. सूनबाईचा नवरा तर दोरांच्या वाऱ्याला उभा राहत नसे. तो बस चालवायचा. संध्याकाळी दमून यायचा आणि जेवताना नेमाने म्हणायचा, "बंद कर ना आता ती शेड." ती म्हणायची, "करते." लग्नाइतकंच जुनं झालं होतं ते संभाषण.

अशात समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार अशी बातमी आली आणि पाठोपाठ सभा आल्या. इथल्या धंद्यांना काम मिळालं पाहिजे, सामान इथूनच घेतलं पाहिजे, असं वरच्यांनी ठरवलं होतं म्हणे. ठरवलेलं सांगायला वर्षावर वर्षं गेली. दर वेळी तेच सभागृह, गळ्यात अडकवायची पट्टी, पाण्याची चिमुकली बाटली आणि पडद्यावर निळ्या पाण्यात उभ्या पांढऱ्या पवनचक्क्या. खुर्च्यांवरही तेच चेहरे. वेल्डर, पंप दुरुस्तीवाला, ताडपत्रीवाला, धोबी. दर वेळी एक नवा तरुण साहेब सांगायचा, आधी नोंदणी करा. सूनबाईने इतक्यांदा नोंदणी केली की स्वतःचा पत्ता लिहायचाही तिला वीट आला. मोठं सामान जहाजावरून लांबून येणार हे तिसऱ्या सभेतच सगळ्यांना कळलं होतं, पण तसं कुणी कुणाला बोललं नाही. पहिलं काम मिळालं धोब्याला. पवनचक्कीचा पत्ता नव्हता, पण साहेबांचे कपडे मळायला लागले होते.

मग एकदाचं सूनबाईचंही घोडं गंगेत न्हालं, निदान पाण्यात उतरलं. पवनचक्कीचं पातं भलंमोठं असतं. क्रेनने ते वर चढवताना वाऱ्याने गिरकी घेऊ नये म्हणून माणसं त्याला खालून दोरांनी आवरून धरतात. ते दोर तिने करून द्यायचे. आधी नमुन्याचे, आणि ते पसंत पडले तर मग पुढची कित्येक वर्षं. बडबडीच्या डोळ्यात पाणी आलं. चष्मेवालीने चष्मा पुसला. सूनबाईला आनंद झाला, पण तो पुरता वर येईपर्यंत आतून थकवाच वर आला. फार उशिरा मिळालं होतं ते.

नमुने झाले, मामंजींसमोरून बाहेर पडले, आणि सगळेच्या सगळे परत आले. सगळ्यांच्या टोकाला गाठ होती.

कंपनीची तपासनीस स्वतः शेडमध्ये आली. सूनबाईची मुलगी शोभावी अशा वयाची, पण तोंडात साखर आणि कामात कडक. तिने बाकावर बसून नीट समजावलं. "मावशी, या दोरांचं टोक मोकळंच लागतं. टोकाला गाठ असली की ती कुठेतरी अडकते. कठड्यात, शिडीत, कुणाच्या पायात. वर पातं वाऱ्याने ओढतं आणि खाली दोर सुटत नाही. मग माणूसच ओढला जातो. कागदावर लिहिलं होतं हे."

लिहिलं होतंच. सूनबाईने वाचलंही होतं. पण मामंजींना सांगायचं राहिलं होतं, कारण मामंजींना दोरातलं काही सांगायची या घरात कुणाला सवयच नव्हती. पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच जास्त लागलं. नावेवर जी गाठ दोर वाचवायची तीच तिथे माणसाचा जीव घेणार होती.

"आणखी एकदा पाठवा," तपासनीस म्हणाली. "पण एकदाच हं."

त्या संध्याकाळी सूनबाईने मामंजींना सांगितलं. ते भाकरी दुधात कुस्करत होते. दात उरले नव्हते.

"हे काम होईपर्यंत तुम्ही घरीच बसा, मामंजी."

"मी नाही मारत गाठ. खुर्चीवर नुसता बसतो."

"तुम्ही मारता. तुम्हाला कळतही नाही आणि हात मारून मोकळा होतो."

नवरा ताटात बघत राहिला. एरवी शेड बंद कर म्हणून घसा कोरडा करणारा माणूस, बापाची खुर्ची उचलायची वेळ आली तेव्हा त्याला वाचा फुटेना. मामंजींनी वाटी तोंडाला लावून उरलेलं दूध प्यायलं. "बरं," म्हणाले. तेवढंच. तिला वाटलं होतं ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ते घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसायला लागले. तिथून रस्ता दिसायचा, शेड दिसायची नाही. सकाळी ती चपला घालताना ते विचारायचे, "पीळ बरोबर बसतोय ना?" आणि ती "हो" म्हणून सटकायची. शेडमध्ये ती खुर्ची सारखी दोघी बायकांच्या पायात यायला लागली म्हणून चष्मेवालीने मागे नेऊन ठेवली. मग तिच्यावर रिकामी पोती साचली.

दुसरे नमुने करताना तिघींच्या नाकी नऊ आले. एका टोकाचे पीळ उलगडून, वळवून, पुन्हा दोरातच विणून पक्का फासा करायचा, आणि दुसरं टोक फक्त वितळवून गुळगुळीत बंद करायचं. हे दुसरं टोकच जड जात होतं. हात पुढे जायचा आणि आखडायचा. बडबडी तर टोक आलं की हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि स्वतःवरच हसायची. शेवटच्या संध्याकाळी त्या दोघी घरी गेल्या आणि सूनबाई दाराशी उभी राहून उरलेले दोर गुंडाळून पोत्यात भरत होती. मध्येच नवऱ्याचा फोन आला. बस वाटेत बंद पडली होती, तो वैतागला होता, ती खांद्याने फोन कानाशी दाबून "हं, हं" करत होती. पोत्याचं तोंड शिवलं आणि ती घरी गेली.

सकाळी ती स्वतः पोतं घेऊन कंपनीच्या गोदीतल्या ऑफिसात गेली. डब्यासारखी खोली, दोन टेबलं, भिंतीवर हेल्मेट. तपासनीस एकेक दोर उचलायची, फासा ओढून बघायची, मग सबंध दोर मुठीतून सरकवत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. टोक मुठीतून सुळकन निघालं की मान हलवायची. सूनबाईचा जीव टांगणीला लागला होता. दोर निघत गेले. एक, आणखी एक, आणखी एक. आणि मग एक मुठीत अडकला.



"सासऱ्यांचं काम आहे हे," सूनबाई ताबडतोब म्हणाली. तिच्या अंगाची लाही झाली होती. "म्हातारे आहेत. इतकं बजावून सांगितलं तरी येऊन गेले असणार. ऐकतच नाहीत."

तपासनीस गाठ उलटीपालटी करून बघत होती. "गाठ सोडता येईल, मावशी. प्रश्न तो नाही. ही कशी झाली ते मला वर सांगावं लागतं. कुणी केली, का केली कळत नसेल तर उद्या परत होणार, आणि मग मला तुमची शेड नाकारावी लागेल. पण एका माणसाची सवय असेल आणि तो माणूस आता तिथे नसणार असेल, तर विषय संपला. मी पास करू शकते." तिने दोर पुढे केला. "त्यांचंच आहे ना? नक्की?"

सूनबाईने दोर हातात घेतला. गाठ करकचून आवळलेली होती. आणि वळसा उजवा होता.

तिला कालची संध्याकाळ आठवली. खांदा, फोन, बंद पडलेली बस. हातांनी केव्हा काय केलं ते तिला आठवलं नाही, पण हात तिचेच होते. ती गाठीकडे बघत राहिली. खरं सांगितलं तर शेड गेली, चष्मेवाली गेली, बडबडी गेली. इतक्या सभा, इतक्या नोंदण्या, सगळं मुसळ केरात. आणि या पोरीला उजवा वळसा काय आणि डावा काय. कुणालाच कळणार नव्हतं. तिला बसावंसं वाटलं, पण खुर्ची कुणी पुढे केली नाही.

"नक्की," ती म्हणाली. "त्यांचंच. आता ते शेडमध्ये येणार नाहीत."

"कायमचे?"

"कायमचे."

तपासनीस हसली आणि तिने हात पुढे केला. काम मिळालं होतं.

तो दोर तिने गोदीत ठेवला नाही, पिशवीत घालून घरी आणला. का आणला ते तिला सांगता आलं नसतं. मामंजी खिडकीशी होते. त्यांचे डोळे आता बरेच अधू झाले होते, पण तिच्या पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"झालं पास?"

"झालं."

"सगळे?"

तिने पिशवीतून दोर काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मामंजींची बोटं दोरावरून सरकत टोकाला गेली आणि गाठीवर थांबली. त्यांनी वळशावरून बोट फिरवून ती चाचपली, एकदा, मग पुन्हा. ही गाठ कुणाची ते त्यांना विचारायची गरज नव्हती. समोर बसवून त्यांनीच शिकवली होती.

खालून एक रिक्षा गेली. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली.

"माझं नाव सांगितलंस का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग येऊ नको म्हणाले असतील मला."

"हो. मी शब्द दिला."

मामंजींनी मान हलवली. रागाने नव्हे. दोराचं माप बरोबर आलं की हलवायचे तशीच. "बरं केलंस. तुला अजून तिथे रोज उभं राहायचंय. मला काय."

तिला रडावंसं वाटलं, पण तेवढा जोरही अंगात नव्हता. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, पहिल्यांदा शिकायला बसली होती तशी. मामंजी गाठ सोडायला लागले. नखं झिजलेली, बोटं थरथरणारी आणि गाठ सूनबाईची, सहजी सुटणारी नव्हती. तिने हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"राहू दे," ते म्हणाले. "मला दुसरं काम काय आहे आता?"