तेल्या लागलेल्या डाळिंबांना पिशव्या

बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. सकाळी सातला विमलचा, माझ्या धाकट्या भावजयीचा, फोन आला. "दादा, नाना गेले." वडील गेले तेव्हा त्यांच्याजवळ ती एकटीच होती, भाऊ चाकणला कंपनीत, मी मंचरला हिशेबाच्या कामावर.

दोन एकर डाळिंब नानांनी स्वतः लावलेलं. यंदा बागेत तेल्या शिरला. फळावर तेलकट काळा डाग पडतो, मग फळ तडकतं. औषधं मारून झाली, उपयोग झाला नाही. पिशवी बांधतात ती चांगलं फळ उन्हापासून, किडीपासून राखायला. विमलनं डागी फळांनाच पांढऱ्या पिशव्या बांधल्या. मी विचारलं तर म्हणाली, "नाना खाटंवरून बागंकडंच बघत असत्यात. डाग दिसलं तर अन्नच सोडतील." नानांची किडनी तेव्हा जवळजवळ गेलीच होती. मग नाना आल्यागेल्याला सांगू लागले, "बघा पावणं, सुनंनं बाग कशी नटवलीय! लगीनच हाये जणू." विमल तोंड फिरवून हसायची.

आमच्या शेवटच्या भेटीत ती धार काढायला गेल्यावर नानांनी मला जवळ बोलावलं. "परवा काठी टेकत गेलो व्हतो. खालच्या चार पिशव्या सोडून बघितल्या. बाग गेली..." मी सारवासारव करू लागलो. "गप ए. तू तुझं हिशेब कर, डाळिंब मला नको शिकवू. आन तिला सांगू नको, मला कळलंय म्हणून. लई जीव लावून बांधल्यात पोरीनं." एवढ्यानं त्यांना धाप लागली. ती दूध घेऊन आत आली, तसे मोठ्यानं म्हणाले, "विमल, औंदा फळ मोठं हाय गं!"

तेराव्यानंतर बाग काढायला जेसीबी बोलावला. विमल पिशव्या सोडत पुढं, यंत्र मागं. पिशव्यांतून काळी, तडकलेली फळं निघत होती. मधेच थांबून ती म्हणाली, "निदान नानांना तरी कळलं न्हाई, दादा." मी "हो" म्हणालो. तिच्याकडं तेवढंच उरलं होतं.

संध्याकाळी रान मोकळं झालं. पाच तासांचे सहा हजार रुपये मी जेसीबीवाल्याच्या हातात दिले. नोटा मोजता मोजता त्यानं विचारलं, "काका, आता काय लावणार हितं?" विमलनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पावती मागितली.