कुंकू लावलेली कुऱ्हाड

अकोल्याच्या जुन्या शहरात खोली करून शिकत होतो, तेव्हा मला एक हत्यार करायचं होतं. खरंखुरं नव्हे, कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. मेलेली माणसं उठून चालू लागतात आणि त्यांना पुन्हा मारावं लागतं, असा तो खेळ. अशा खेळात आपल्या पदरच्या वस्तू घालणारी हौशी पोरं असतात, त्याला मॉड म्हणतात. एका परदेशी पोराच्या मॉडमध्ये बंदुका भरपूर होत्या, कुऱ्हाड नव्हती. मी कळवलं, आमच्या घरी आहे.

घर तिवशाकडे. कुऱ्हाड माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेली. विहीर आटली, बोअरला नुसता फुफाटा लागला आणि संत्र्याची बाग उभी वाळली, तेव्हा बाबांनी ती याच कुऱ्हाडीनं तोडली होती. मजूर लावला नाही. स्वतः लावलेली झाडं स्वतःच पाडली, कुऱ्हाड वर टाकली आणि त्यानंतर बागेविषयी एक शब्द काढला नाही. दसऱ्याला आमच्याकडे विळे, वखर, फावडी, सगळ्यांची पूजा होते. तिची होत नसे. ती खाली आणायची कोणाची छाती नव्हती. मी आणली, कारण मला फोटो हवे होते. बाबा आपट्याची पानं आणायला गेलेले पाहून आणली, एवढी अक्कल होती.

कॉम्प्युटरवर कुऱ्हाडीचा आकार कितीही नीट घडवला तरी ती साबणाची वाटते. तिच्यावर खऱ्या लोखंडाचं, खऱ्या लाकडाचं कातडं चढवावं लागतं, आणि ते फोटोतून काढतात. मी मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा घ्यायला आत गेलो. बाहेर येतो तर आईनं कुऱ्हाड बाकीच्या अवजारांच्या रांगेत मांडून तिला हळदकुंकू वाहिलं होतं. मी कुरकुरलो.

ती म्हणाली, "सगळे जेवतीन आन् हे एकटीच उपाशी राहीन का रे?"

पूजा झालेलं अवजार त्या दिवशी पुसत नाहीत. मी तसेच फोटो काढले आणि बाबा यायच्या आत कुऱ्हाड माळ्यावर गेली.

अकोल्याला येऊन मी कुऱ्हाड घडवून पाठवली आणि परदेशी पोराचं उत्तर आलं. पात्यावरचं रक्त इतकं खरं कोणालाच जमलं नव्हतं म्हणे. मी आभार मानले. आईला फोनवर सांगितलं की तुझ्या कुंकवाची परदेशात तारीफ झाली. तिनं विचारलं, तिथं दसरा करतात का? मी म्हटलं, रोजच.

दिवाळीनंतर बाबा कामानं अकोल्यात आले, ते खोलीवर थांबले. मी कॉम्प्युटर बंद करायच्या आत त्यांना पडद्यावर कुऱ्हाड दिसली. दांड्याला त्यांनीच गुंडाळलेली तार त्यांनी ओळखली. आता हे उठून चालते होणार, असं वाटलं.

"माणसं मारते का हे?"

मेलेलीच, मी म्हटलं.

"आन् झाडं?"

या खेळातली झाडं तुटत नाहीत, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माऊस मागितला. मी दाखवलं तशी कुऱ्हाड चालवत ते रस्त्याकडेच्या एकेका झाडावर घाव घालत गेले. आवाज यायचा, झाड हलायचं नाही. मेलेली माणसं मागून येऊन त्यांना चावत होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी खेळच संपला.

"आपली झाडंबी अशीच पायजे होती," बाबा म्हणाले. आणि माऊस न सोडता म्हणाले, "पुन्हा चालू कर."