शेपूट कापलेली बस

मी हातोडी बसच्या मागच्या पत्र्यावर मारली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर ओढली तेव्हा तिच्यामागून ओंजळभर तांबडा चुरा खाली पडला. मालक शेजारीच उभे होते.

"झाकून टाक," ते म्हणाले.

नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये मी वेल्डर आहे. ट्रॉल्या, टँकर, टेम्पोची बॉडी, येईल ते काम आम्ही करतो. ही बस मात्र वेगळी होती. कधीकाळी एका साखर कारखान्याची स्टाफ बस, आता भंगारात निघालेली, इंजिन काढलेली. पुणतांब्याच्या मुमताजचाची आणि रशीदचाचा या नवरा-बायकोने ती राहायला घेतली होती. त्यांची पेरूची बाग नदीला लागून आहे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गंगेला मोठं पाणी आलं की काठावरची घरं जातात. यांचं दोनदा गेलं होतं. म्हणून त्यांना असं घर हवं होतं की वर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की ट्रॅक्टर जोडायचा आणि घर ओढून टेकाडावर न्यायचं. तोवर ते भाच्याच्या गोठ्यात राहत होते. चाची कपडे शिवतात. त्यांचं मशीन गोठ्यात झाकून ठेवलेलं होतं.

"मालक, हे झाकलं तर ट्रॅक्टर पुढं जाईल आणि मागचं तिथंच राहील."

"रोज ओढणार हायेत का? लांबी भर, वरून पत्रा मार, रंग दे. बाहेर ट्रॉल्या बघ किती उभ्यात."

ट्रॉल्या उभ्या होत्या हे खरं. उसाचं गाळप सुरू व्हायच्या तोंडावर आमच्याकडे अशीच रांग लागते.

लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायचा लगदा. वाळला की घासायचा, वर रंग मारायचा. बोट फिरवलं तरी कळत नाही. डेंटिंगच्या कामात लांबी लागतेच, तिच्याशी माझं भांडण नाही. पण गंजाच्या भोकात लांबी भरणं म्हणजे खोटं बोलणं आहे, आणि हे खोटं गिऱ्हाईक बघून बोललं जातं. मोठ्या कंपनीच्या गाडीला कुणी असं करत नाही, तिथं तपासायला इंजिनिअर येतो. जो भांडायला परत येणार नाही, त्याच्या गाडीत लांबी जास्त जाते.

"मी भरणार नाही," मी म्हणाले.

"पुढारीण झालीस का?" मालक वैतागले. "मग तूच सांग त्यांना. मागचं सगळं नवीन करायचं तर गाळप संपल्यावर बघू म्हणावं. तवर ऱ्हावा गोठ्यात."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी त्यांना बसखाली वाकून बघायला लावलं. चेसी म्हणजे बसचा कणा, दोन लांब बीम. त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर सगळी बॉडी. पुढून हातोडी वाजवत आले तर लोखंड टणटण बोलत होतं. मागच्या चाकांच्या पलीकडे नुसता भद्द आवाज. चाकांनी उडवलेला चिखल तिथं वर्षानुवर्षं बसून राहिला होता आणि त्या ओलीने लोखंड खाल्लं होतं.

"मंग ठिगळ मारा की," चाचा म्हणाले.

"ठिगळाला कडेचं लोखंड चांगलं लागतं, चाचा. इथं वेल्डिंग केलं की कड जळते आणि भोक आणखी मोठं होतं."

चाची हसल्या. "इरलेल्या कापडावानीच हाय हे. टाका घालावा तर टाकाच कापड फाडतो."

"मग तुम्ही काय करता?"

"चांगलं लागंपर्यंत कापत जाते, पोरी. तिथं दुमडायचं. परकर आखूड हुतो, पर टिकतो."

बोलून झालं आणि त्या बसमध्ये चढल्या, शेवटपर्यंत गेल्या. मागची काच पूर्ण रुंदीची होती. त्या काचेखाली त्यांनी खडूने चौकोन आखून ठेवला होता, मशीनसाठी. दुपारभर उजेड मिळेल अशी बसमधली ती एकच जागा होती.

"आगं, तिथं तुझी मशीन बसायची हुती ना," चाचा खालून म्हणाले.

"मशीन कुठं बी बसंल. घर वर गेलं पायजे." त्या दारात आल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या मालकांना म्हणाल्या, "शेठ, चाकामागचं सगळं कापा."

घर मोठं करून मागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. घर लहान करून मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं. मालकांनी बसला एक चक्कर मारली. कापायला वेळ लागत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी गॅस कटर स्वतःच उचलला.

"तू सर. तुझी लाईन वाकडी जाती."

त्यांची लाईन खरंच दोरी लावल्यासारखी सरळ गेली. शेपूट खाली आलं. त्याच्या छताकडचं लोखंड चांगलं होतं. चाकांवरच्या दोन पट्ट्या थोड्या खाल्लेल्या होत्या. त्या मी चकचकीत लोखंड दिसेपर्यंत ग्राइंडरने घासल्या, शेपटातल्याच लोखंडाने जोडल्या आणि वर गंज अडवणारं रेड ऑक्साइड मारलं. लांबीचा डबा उघडलाच नाही. मागची काच फ्रेमसकट काढून ठेवली होती. बस जिथं कापली तिथं नवी भिंत उभी केली आणि ती काच तीत बसवली. हे चाचींना सांगितलं नव्हतं.

बस न्यायला आल्या तेव्हा त्या काचेसमोर उभ्या राहिल्या. कमरेच्या पिशवीतून खडू काढला आणि खाली बसून नवा चौकोन आखला.

पुढच्या पावसाळ्यात बातमी आली. वरच्या धरणांतून पाणी सोडलं होतं. मी फोन लावला. मालक हातातलं काम सोडून जवळ आले.

"दार लागतंय का इचार आधी," ते म्हणाले. ओढताना बॉडी पिळली गेली, की पहिल्यांदा दार अडकतं.

"चाची, दार लागतंय का?"

"लागतंय की. कडी बी बसती. सकाळीच आलो वर." मागे मशीन चालल्याचा आवाज येत होता. "तू काय दाराचं इचारती? आमचं इचार की."

मी मालकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

"तरी मी म्हणत हुतो, शेपूट कापा," ते म्हणाले आणि ट्रॉलीकडे गेले.

म्हणू देत. गंजावर रंग चढतो. टेकाड चढायला लोखंडच लागतं.