छायाने कुंदनवर ठेवलेला पहारा

छायाच्या घरची मखमलाबादला झेंडूची शेती. तिने मात्र कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि २००४ साली सायखेड्याच्या आतेभावाबरोबर, कुंदनबरोबर, पंचवटीत केबलवरून इंटरनेट द्यायला सुरुवात केली. वायरी ओढणं कुंदनकडे, सर्व्हर तिच्याकडे. सर्व्हर म्हणजे दोनशे छप्पन्न एमबी मेमरीचा साधा डबा. पण नव्वद घरांचं नेट त्याच्यातूनच जायचं.

दिवाळीनंतर दुपारचं नेट रांगायला लागलं. नेमका त्याच वेळी कुंदन सर्व्हरपाशी बसलेला असायचा आणि ती आत आली की पडद्यावरची खिडकी झटकन बंद करायचा.

"काय करत होतास?"

"काय नाय."

छायाच्या मनात पाल चुकचुकली. हा चोरून सिनेमे उतरवतो, की परस्पर कुणाला लाइन देतो? तिने गुपचूप एक प्रोग्रॅम लिहिला. कोण काय चालवतंय, प्रोसेसर आणि मेमरी किती खातंय, हे तो दर मिनिटाला टिपायचा आणि आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहायचा. कुंदनच्या नावावर वावगं काहीच सापडेना. त्यामुळे तर ती जास्तच बिथरली. पुसून टाकत असणार! मग तिने दर पाच सेकंदांनी टिपायला लावलं.

आता नेट दिवसातून चारदा बंद पडू लागलं. छायाने कुंदनचा पासवर्ड बदलला आणि त्याला समोर बसवलं. "खरं सांग, माझ्या मशीनवर काय चालवतोस?"

कुंदनचा चेहरा उतरला. "तुझ्या मशीनवर? बरं. उघड, दोघं बघू."

तिने चालू प्रोग्रॅमची यादी उघडली. एकाच नावाच्या साठ ओळी, सगळी मेमरी गिळून बसलेल्या. ते नाव तिच्याच प्रोग्रॅमचं होतं. एक नोंद ताडून व्हायच्या आत पुढची सुरू होत होती आणि नुसता ढीग साचत होता.

"मग खिडकी का बंद करायचास?" तिचा आवाज खाली आला होता.

"इंग्रजी टायपिंग शिकत होतो. लय चुका व्हायच्या. तू हसली असतीस."

छायाने पहारा काढून टाकला. मूळचा संथपणा दिवाळीत जोडलेल्या नव्या घरांमुळे होता. जास्तीची मेमरी बसवल्यावर तोही गेला. तिने माफी मागितली. तो "राहू दे" म्हणाला आणि कामाला लागला.

त्यानंतर मात्र कुंदन बसताना पडदा तिला दिसेल असाच फिरवून ठेवायचा. "नको रे असं," ती दोनदा म्हणाली. त्याने ऐकलं नाही.