मुळाच्या छेदातला निळा गोल

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी स्लाइड बनवतो. मूळ, खोड, पान यांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेत बसवायचे. सत्तावीस वर्षं हेच. विद्यार्थी येतात आणि जातात. बहुतेकांचे चेहरेही आठवत नाहीत, पण पाटीबहाद्दर लक्षात राहिला.

हे नाव मीच ठेवलं. शेवटच्या वर्षाला एकदा आपटलेला हा गडी टॅब घेऊन परत आला, तो अशा थाटात की सगळं वनस्पतिशास्त्र त्या पाटीत शिरून बसलंय आणि आता फक्त बोट फिरवायचं बाकी आहे. प्रॅक्टिकलची ही त्याची शेवटची संधी होती. या खेपेला गेला असता तर पदवीवर पाणी सोडावं लागलं असतं. इतकं गळ्याशी आलेलं असताना माणूस काय करील? सूक्ष्मदर्शकाला डोळा लावील. यांनी टॅब लावला.

"काका, टेबल हलवू नका, फोटो काढतोय," हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य, आणि वर्षभर जवळजवळ तेवढंच. फोटो काढायचा, त्यावर त्या पांढऱ्या पेनने गिरवायचं, रंग भरायचे, मोठं करून बघायचं, लहान करून बघायचं. रेष चुकली की दोन बोटांनी टकटक, चूक गायब. चित्रं मात्र देखणी, कॅलेंडरवर छापावीत अशी! वर्गातल्या बाकीच्या सदतीस जणांना आयतं कुरण मिळालं. टॅब आडवा ठेवायचा, वर कागद, खालून उजेड, झाली आकृती. डोळा लावण्याची तसदी कोण घेतो?

मग आला मुळाचा छेद. ती स्लाइड माझीच. वरची काच सुईवर टेकवून हळूहळू सोडायची असते. चहाची वेळ झाली होती, मी ती धपकन टाकली आणि आत हवेचा बुडबुडा राहिला, जाड काळ्या काठाचा, चांगला गोल. पाटीबहाद्दराने त्याचाही फोटो काढला, तोही गिरवला, निळा रंग दिला आणि बाण काढून लिहिलं: मोठी जलवाहिनी.

मी मागे उभं राहून वाचलं. हसू दाबता दाबता पोट दुखलं. सांगायला काय जात होतं? पण म्हटलं, बघू तरी हे पंडित कुठवर जातात. आठवड्याभरात अडतीस जर्नलांत तो बुडबुडा त्याच जागी, त्याच निळ्या रंगात उगवला. प्रॅक्टिकल घेणाऱ्या आमच्या बाईंनी अडतीसही जर्नलांवर सह्या ठोकल्या. एकाखाली तर 'छान' लिहिलं. म्हणजे बाईंनीही त्या स्लाइडमध्ये कधी डोकावलं नव्हतं. मला आणखीच मजा आली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चार जर्नलं उघडली, पाचवं उघडलं आणि चष्मा काढला.

"ही निळी भानगड मूळची कुणाची?"

सदतीस मुंड्या खाली. पाटीबहाद्दर उठला. "माझी, सर. यांनी माझ्यावरून उतरवलंय."

परीक्षकांनी टॅब बाजूला ठेवायला लावला, स्वतः आणलेली मुळाची स्लाइड लावली आणि त्याच्यापुढे कोरा कागद नि पेन्सिल सरकवली. त्याने डोळा लावला. दहा मिनिटं तो जागचा हललाच नाही. मग काढलेली आकृती वेडीवाकडी होती. एक रेष चुकली तेव्हा त्याने कागदावर दोन बोटं टकटकवलीसुद्धा. पण गोल त्यात नव्हता.

"सर, जलवाहिन्या ह्या आहेत, कोनदार," तो सावकाश म्हणाला. "माझ्या त्या गोलाला भिंतच नव्हती. नुसती काळी कड होती. हवा असणार ती."

"असणार नाही, आहे," म्हणत परीक्षकांनी गुण दिले. पासापुरते. "पण असली स्लाइड केली कुणी?"

मी रंगाच्या बाटल्या पुसत होतो. मी ती काच टाकली तेव्हा हा समोरच टॅब चार्जिंगला लावत उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"माहीत नाही, सर. जुनी असेल."

बाहेर पडताना तो माझ्यापाशी थांबला. "काका, तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना?" त्याने हळू आवाजात विचारलं.

सत्तावीस वर्षांत मला स्वतःची इतकी लाज वाटली नव्हती. हातातली बाटली केव्हाच स्वच्छ झाली होती. मी ती पुसत राहिलो.