बोंदोची मान

बोंदोची मान अशी होती, की शर्टाचं वरचं बटण कुणाच्या लग्नातसुद्धा लागलं नाही. रग्बीत पुढच्या ओळीत डोकं खाली घालून समोरच्याला रेटायचं, मागच्यांचा सगळा भार अंगावर घ्यायचा, अशा गड्याला प्रॉप म्हणतात. त्याच्या मुलखात, गुरियाच्या डोंगरात, असली पोरं मक्यासारखी पिकतात. विसाव्या वर्षी फ्रान्सच्या एका क्लबानं त्याला नेलं आणि चौदा वर्षं तो तिथं रेटत राहिला. घासून-सुजून कानांचे फुलकोबी झाले. एवढ्या वर्षांत त्यानं गुण मिळवला एकदाच, तोही सगळे त्याच्यावर कोसळले आणि चेंडूसकट तो रेषेपलीकडे गेला म्हणून. त्याचा बाप वालिको ही गोष्ट सांगताना दर वेळी पोराला आणखी दहा पावलं पळवायचा.

शेवटची दोन वर्षं बोंदोचा उजवा हात बधिर व्हायचा. प्रॉप लोक याला दुखणं म्हणत नाहीत. सामना संपला की हात झटकतात आणि जेवायला बसतात. डॉक्टरनं विचारलं की बोंदो 'ठीक आहे' म्हणायचा. एके दिवशी त्याला बुटाची नाडी बांधता येईना, तेव्हा मानेचा फोटो काढला. आणखी एक जोराचा रेटा बसला तर मानेखालचं सगळं जाईल, असं डॉक्टरनं सांगितलं. क्लबानं टाळ्या वाजवून निरोप दिला. त्याच हिवाळ्यात वालिको गेला.

बोंदो घरी आला, पण मानेचं कुणाला बोलला नाही.

ईस्टरच्या दुपारी बोंदोचं वरचं गाव आणि खालचं गाव मातीनं भरलेल्या जड चेंडूसाठी भिडतात. जे तो आपल्या ओढ्यापार नेतील, त्यांनी तो वर्षभरात गेलेल्या आपल्या माणसाच्या थडग्यावर ठेवायचा. वालिको चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी रेटत आला होता. यंदा वरच्या गावानं चेंडू त्याच्यासाठीच आणायचं ठरवलं. फ्रान्सचा प्रॉप आपल्यात असताना खालच्यांनी घरीच बसावं, असं म्होरक्या ओतार सांगत सुटला. बोंदोची आई नाझीब्रोला हिनं थडग्यावर चेंडूपुरती जागाही करून ठेवली.

शुक्रवारी ती ईस्टरची अंडी लाल रंगवत होती. बोंदोच्या हातून एक पडलं, मग दुसरं.

"फ्रान्सनं तुझं लोणी केलं की काय रे?" ती हसली.

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती पातेलं ढवळत राहिली. मग म्हणाली, "तू जायचं नाहीस. तुझ्या बापाला काय सांगायचं ते मी सांगेन."

रविवारी ओतार बोलवायला आला. बोंदोनं त्यालाही खरं काय ते सांगितलं. ओतारनं त्याच्या मानेकडे नीट पाहिलं. ती होती तशीच होती, बैलासारखी.

"ही मान मोडलीय?" तो म्हणाला. "मग माझी तर जन्मतःच मोडलेली असणार. भ्यालो, असं सरळ म्हण ना, बाबा."

दुपारी खेळ सुरू झाला तेव्हा बोंदो शेताच्या कुंपणापाशी उभा राहून बघत होता. माणसांचा ढीग शेतातून हळूहळू सरकत होता. वरच्यांची उजवी बाजू कुठं खचतेय, तिथं खांदा कसा लावावा, हे त्याला एकट्याला दिसत होतं. दोनदा त्यानं कुंपणावर पाय ठेवला. दोन्ही वेळा आईनं सदरा धरला. चार वाजता चेंडू खालच्या ओढ्यापार गेला.

खालच्यांनी तो आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनच्या थडग्यावर ठेवला. रिवाज म्हणून मायलेकही गेले, पोस्टमनच्या नावानं एकेक प्याला घेतला. वरच्या गावातलं कुणी त्यांच्याशेजारी उभं राहिलं नाही.

परतताना नाझीब्रोला वालिकोच्या थडग्यापाशी थांबली. काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं, पण तिला बोलता आलं नाही. पुढल्या ईस्टरला दुसरं कुणी नवं मेलेलं असेल. वालिकोची पाळी गेली ती गेलीच. बोंदो चौतीस वर्षांचा होता, आणि रेटण्याखेरीज त्याला काही येत नव्हतं.