पाळण्याचे बारा

सकाळी अकराच्या आत जपानी मावशी कुणाशी बोलत नसत. लीड्सला त्या आमच्या शेजारी राहायच्या. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना मी ‘मॉर्निंग’ म्हटलं, की गळ्यावर बोट ठेवून नुसत्या हसायच्या. “आवाज अजून उठलेला नसतो,” असं त्यांनी एकदा दुपारी सांगितलं. गाणं सोडून तीस वर्षं झाली होती, तरीही!

पंधराव्या वर्षी त्या एका स्पर्धेत निवडल्या गेल्या. मग रेकॉर्ड, टीव्ही, दौरे. “स्टेशनवर माझा चेहरा माझ्याहून मोठा लावलेला असायचा,” त्या सांगायच्या. लग्न करायचं नाही, अशी रेकॉर्ड कंपनीची अट होती. त्यांनी एका इंग्रज इंजिनियरशी गुपचूप लग्न केलं, ते उघड झालं आणि सगळे कार्यक्रम रद्द झाले. मी हॉस्पिटलमधून दमून आलेली असायचे. “हो का?” म्हणायचे. खरं सांगायचं तर निम्मंच खरं धरायचे.

माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा दोघींची गट्टी जमली. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. मटार सोलता सोलता आईने त्यांना एक पाळणा शिकवला. आई परत गेल्यावर मावशी दारात आल्या. “डॉक्टर, माझे उच्चार तपासाल? तुमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत गाईन म्हणते. आईंना व्हिडिओ पाठवू.”

“नेक्स्ट वीक नक्की,” मी म्हणाले. असं तीनदा म्हणाले.

दिवाळीच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे होतं. मावशी निळा किमोनो घालून उभ्या राहिल्या. सूर असा लागला, की हॉलमधली पोरंसुद्धा, माझ्या लेकीसकट, गप्प झाली. पण त्यांच्या तोंडून ‘बाळा’चं ‘बारा’ होत होतं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मधल्या विरामात मी माइकवर म्हणाले, “मंडळी, पाळण्याचे बारा वाजले!”

हॉलभर हशा पिकला. मीही हसले. मावशींना शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. तरी त्यांनी उरलेली दोन्ही कडवी गायली आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, “मी चुकले. तुमच्या लोकांसमोर तुम्हाला लाज वाटली असेल. माफ करा.”

आणि मी, निर्लज्जासारखी, म्हणाले, “इट्स ओके.” आईला व्हिडिओ पाठवलाच नाही. नीट आला नाही, असं सांगितलं.

पुढच्या वर्षी मावशींचे यजमान गेले आणि त्या जपानला बहिणीकडे निघून गेल्या. निरोप घेताना माझे दोन्ही हात धरून उभ्या होत्या. माफी मागायची वेळ तीच होती. मी फ्लाइट किती वाजता आहे, ते विचारलं.

परवा माझ्या लेकीने इंटरनेटवर त्यांचं जुनं गाणं शोधून काढलं. खच्चून भरलेलं स्टेडियम, मधोमध विशीतल्या मावशी. हजारो माणसं श्वास रोखून ऐकत होती. लेक यॉर्कशरमध्येच वाढलेली. स्क्रीनकडे बघत तिने विचारलं, “आई, दिवाळीला सगळे हसला, तेव्हा तू पण का हसला?”

“हसला नाही, हसलीस,” मी म्हणाले.

तिने मुकाट्याने वाक्य सुधारून पुन्हा विचारलं.